ट्रेकचा दुसरा चाकू: कुठला घ्यावा, कुठे ठेवावा

प्रश्न: मी धायरीत राहते, हिंजवडीत नोकरी करते. महिन्यातून एखादा ट्रेक ठरलेला असतो, आम्ही पाच-सहा जण असतो. माझ्याकडे साडेचार इंची पात्याचा, म्यानातला चाकू आहे. तोच सगळ्या गटाचा चाकू. मागच्या महिन्यात राजगडावरून तोरण्याला जाताना संजीवनी माची उतरल्यावर एका मैत्रिणीच्या बुटाचा तळ सुटला. दोरी माझ्याकडे होती, पण चाकू स्वयंपाकाच्या सामानाबरोबर पुढे गेलेल्या मित्राच्या सॅकमध्ये. शेवटी दोरी दगडावर घासून तोडली, त्यात बराच वेळ गेला आणि बोटं सोलली ती वेगळीच. तेव्हापासून दुसरा चाकू घ्यायचं डोक्यात आहे. मित्र म्हणतात कुकरी घे, कुणी मल्टिटूल म्हणतं, कुणी घडीचा चाकू. बजेट दोन-तीन हजारांपर्यंत. बाबांचं म्हणणं, एक असताना दुसरा कशाला, आणि पुण्यात रोज कोयत्याच्या बातम्या येतायत, पोलिसांनी सॅक उघडली तर काय सांगणार? डिसेंबरात भीमाशंकर ठरलंय, मे महिन्यात हिमालय, दिल्लीपर्यंत विमानाने. काय घेऊ?

उत्तर:

दुसरा चाकू जरूर घ्या, पण लहान घ्या, घडीचा घ्या, ज्यात कात्री आहे असा घ्या, आणि चढायला सुरुवात केल्यापासून तो अंगावरच्या खिशात ठेवा. माझं उत्तर एवढंच आहे. पण ते असंच का, हे समजून घेतलंत तर दुकानात गेल्यावर मन डळमळणार नाही.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात. त्या दिवशी तुमचा चाकू तुटला नव्हता, बोथट झाला नव्हता, हरवलाही नव्हता. तो फक्त तुमच्याजवळ नव्हता. सह्याद्रीतल्या ट्रेकला चाकू दगा देतो तो बहुतेक वेळा असाच. आपल्या वाटांवर माणसं पांगतात. स्वयंपाकाचं सामान ज्याच्याकडे, तो लवकर पोचून चूल मांडावी म्हणून पुढे निघतो. जो दमलाय किंवा ज्याच्या बुटाचं काही झालंय, तो मागे राहतो. आणि गरज मागच्याला लागते. म्हणून दुसऱ्या चाकूची पहिली कसोटी पातं किंवा पोलाद ही नाही. दिवसभर खिशात असूनही तो टोचला नाही, जड झाला नाही, कंटाळून सॅकमध्ये टाकावासा वाटला नाही, तर तो योग्य चाकू. शंभर ग्रॅमच्या आत वजन असलं की माणूस खिशातून काढून ठेवत नाही. दोनशेच्या वर गेलं की दुसऱ्या चढावर तो चाकू सॅकमध्ये जातो, आणि मग पुन्हा तीच कथा.

यातच मल्टिटूलचा प्रश्न निकालात निघतो. पक्कडवालं पूर्ण आकाराचं मल्टिटूल दोनशे-अडीचशे ग्रॅमचं असतं. सायकलवरून दूरच्या प्रवासाला निघालात, मोटारसायकलवरून लडाखला गेलात, तर त्या पक्कडीचं सोनं होईल. पायी ट्रेकला स्टोव्हची पिन वाकली किंवा सॅकची चेन अडकली एवढ्यापुरती ती लागते. कुणाला घ्यायचंच असेल तर गटात एकाकडे असू द्या, पण तुमचा दुसरा चाकू म्हणून ते नको.

आता कुकरी. मित्रांना स्पष्ट ‘नाही’ सांगा. बऱ्याच कुकऱ्यांचं पातं दहा-अकरा इंचांचं असतं आणि वजन अर्ध्या किलोच्या आसपास. ती बनली आहे तोडण्यासाठी, आणि आपल्या गडांवर, जंगलात तोडण्यासारखं काहीही आपलं नाही. कारवीची काठी नाही, वाळकं दिसणारं झाडही नाही. चुलीला लाकूड लागलंच तर पायथ्याच्या गावातून विकत घ्यावं, त्या घरालाही दोन पैसे मिळतात. ज्या हत्याराचं एकमेव काम आपण करायचंच नाही, ते पाठीवर वाहून न्यायचं कशाला? कायद्याचा मुद्दा वेगळाच, त्यावर पुढे येतो.

दुसरा चाकू निवडताना पहिला कोणता आहे हे आधी बघायचं. पहिल्याच्या अडचणी दुसऱ्यात नसल्या पाहिजेत. तुमचा पहिला अखंड पात्याचा, म्यानातला आहे. त्याला सांधा नाही म्हणून तो मजबूत. चिखल, वाळू, पाऊस कशानेही अडत नाही. त्याच्या अडचणी दुसऱ्या आहेत. खिशात मावत नाही, बारीक कामाला बोजड पडतो, आणि तो स्वयंपाकातही वापरला जातो. म्हणून दुसरा घडीचा, बारीक कामाचा, आणि अन्नापासून शक्यतो दूर ठेवलेला असावा. कुणाचा पहिला चाकू घडीचा असता तर मी उलट सल्ला दिला असता: मोरा कंपनीचा कंपॅनियन किंवा तशा जातीचा, दहा सेंटिमीटर पात्याचा, रबरी मुठीचा स्वीडिश चाकू घ्या, कारण घडीच्या चाकूचा सांधा भरला किंवा लॉक बिघडलं तर ज्याला सांधाच नाही असा सोबती हवा.

अन्नापासून दूर ठेवण्याचं जरा खोलात सांगतो, कारण याकडे कुणी लक्ष देत नाही. मुक्कामाच्या ट्रेकला एकच चाकू कच्च्या चिकनवर चालतो, मग पँटला पुसून काकडीवर चालतो, सकाळी त्यानेच पायातला काटा उकरला जातो. गडावरच्या टाक्यातलं पाणी जपून वापरायचं असतं, त्यामुळे चाकू धुतला जातो तो नावाला. खिचडी उकळते म्हणून निभतं, कोशिंबीर उकळत नाही. मोठा चाकू स्वयंपाकाचा, छोटा बाकी सगळ्याचा: दोरी, टेप, बँडेज, पाकिटं, काटा. एवढी एक शिस्त गटात लावलीत तरी दुसऱ्या चाकूचे पैसे वसूल झाले असं समजा. आणि जखमेवरची पट्टी किंवा चिकटपट्टी कापायची असेल तेव्हा कांद्याचा चाकू शोधावा लागणार नाही.

आता प्रत्यक्ष वस्तू. व्हिक्टोरिनॉक्सचा लाल मुठीचा स्विस चाकू सगळ्यांना माहीत आहे. हा कारखाना 1884 पासूनचा, आणि आज ज्याला आपण स्विस आर्मी चाकू म्हणतो त्या अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी 1897 ची. त्यांचे खिशातले चाकू वेगवेगळ्या मापांत येतात, माप म्हणजे मिटलेल्या चाकूची लांबी. तुमच्या कामाची मापं दोन. एक 58 मिलिमीटरचं, क्लासिक नावाचं: साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास पातं, बारीक कात्री, कानस, चिमटा. वजन वीस-बावीस ग्रॅम, किल्ल्यांच्या जुडग्यात राहून जातं. दुसरं 91 मिलिमीटरचं. त्यातलं क्लाइंबर हे मॉडेल बघा. मोठं आणि छोटं पातं, चांगली कात्री, डबा उघडायचं अवजार, टोच्या आणि चिमटा असूनही वजन ब्याऐंशी ग्रॅम. तुम्ही गट घेऊन फिरता, म्हणून माझी पसंती दुसऱ्याला. त्यात ते बाटलीचं बूच काढायचं मळसूत्रही येतं. आपल्याला त्याचा उपयोग एवढाच की आवळलेली ओली गाठ सोडवायला ते फार छान चालतं. टोक गाठीत फिरवून घालायचं आणि ओढायचं.

कात्रीवर मी इतका भर का देतोय? कारण ट्रेकला जे कापावं लागतं त्यातलं निम्म्याहून अधिक कात्रीने जास्त सुरक्षित कापलं जातं. चिकटपट्टी, गॉझ, पायाच्या फोडावर लावायचं मोलस्किन, नख, ओआरएसचं पाकीट, सॅकच्या पट्ट्याचे सुटलेले दोरे. पडलेल्या माणसाची पँट गुडघ्यावर कापून जखम बघायची असेल तर थरथरत्या हातात उघडं पातं नकोच. आणि कात्री बघून कुणी दचकत नाही. शहरात, एसटीत, गावात याचा फरक पडतो.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. 58 आणि 91 मिलिमीटरच्या या चाकूंच्या पात्याला लॉक नसतं, ते फक्त स्प्रिंगच्या ताणावर उघडं राहतं. टोकाने भोसकलंत किंवा पात्याच्या पाठीवर जोर आला तर ते मिटतं, आणि मिटतं ते तुमच्या तर्जनीवर. ओढून कापायचं, टोचायचं नाही. भोक पाडायचं तर टोच्या वापरा, तोही जपून. ज्यांना लॉक हवंच त्यांच्यासाठी मुठीच्या आत पट्टी सरकून पातं अडवणारे चाकू मिळतात. घेताना पातं उघडून, बोटं वाटेतून बाजूला ठेवून, पात्याच्या पाठीवर हलकेच ठोकून बघा. जरा जरी हललं तरी तो परत ठेवा.

ओपिनेल हा फ्रेंच चाकू मला मनापासून आवडतो, पण तुम्हाला त्याची शिफारस करत नाही. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर, वजन पन्नास ग्रॅमच्याही आत, गोल कडं फिरवलं की पातं पक्कं बसतं. टोमॅटो इतके सुरेख कापणारा दुसरा चाकू या वजनात मिळणं कठीण. पण मूठ लाकडी आहे. आपल्या जून ते सप्टेंबरच्या हवेत ती ओल पिऊन फुगते आणि पातं तिच्यात अडकतं. हिवाळ्यात, कोरड्या हवेत खुशाल वापरा. ज्याच्यावर अडीअडचणीला विसंबायचं, तो मात्र बारा महिने उघडला पाहिजे.

पोलादाबद्दल ऑनलाइन इतकं काही लिहिलेलं असतं की नवा माणूस गांगरून जातो. तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे: स्टेनलेस. कार्बन पोलादाला धार चटकन लागते, पण भर पावसात वापरलेलं कार्बनचं पातं ओल्या म्यानात रात्रभर राहिलं की सकाळी तांबूस दिसतं, आणि लिंबू-टोमॅटो कापून तसंच ठेवलं तर काही मिनिटांतच काळे डाग पडतात. स्टेनलेस म्हणवायला पोलादात साधारण साडेदहा टक्क्यांहून जास्त क्रोमियम लागतं. इथे एक फसगत होते. डी-टू नावाचं पोलाद सध्या स्वस्त चाकूंमध्ये खूप दिसतं, त्यात बारा टक्क्यांच्या आसपास क्रोमियम असतं, म्हणून लोक ते स्टेनलेस समजून घेतात. पण त्यात कार्बनही दीड टक्का असतो, आणि तो कार्बन बरंचसं क्रोमियम स्वतःशी बांधून ठेवतो. गंज रोखायला मोकळं क्रोमियम कमी उरतं. धार टिकते उत्तम, पण हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरच्या धुक्यात दोन दिवस काढले की ठिपके पडतात. पोलादाचं नाव 12सी27 किंवा 14सी28एन असं लिहिलेलं दिसलं तर निर्धास्त घ्या.

रंग भडक घ्या. लाल, केशरी, पिवळा. काळी किंवा हिरवी मूठ फोटोत रुबाबदार दिसते, पण संध्याकाळी माचीवरच्या गवतात खाली पडली की सापडत नाही. कडीला वीतभर केशरी दोरी बांधा आणि दुसरं टोक खिशातल्या लूपला. गळ्यात चाकू अडकवण्याची पद्धत अलीकडे दिसते, ती करू नका. कारवीच्या जाळीतून वाकून जाताना किंवा कातळटप्प्यावर दोरी अडकली तर गळ्याला फास बसतो.

विकत घेण्यापूर्वी हातात धरून बघा, हे आवर्जून सांगतो. ऑनलाइन नकली मालही येतो आणि फोटोत पातं किती घट्ट आहे ते कळत नाही. दुकानात उघडमीट करून पाहा, नख अडकवायची खाच तुमच्या नखाला पुरते का बघा. घरी आल्यावर हात ओले करून, मग हातमोजे घालून पुन्हा उघडा. हिमालयात पहाटे बोटं बधिर झालेली असतात आणि तेव्हा घट्ट स्प्रिंगचा चाकू दाताने उघडायचा मोह होतो. घट्ट वाटला तर सांध्यात खाद्यतेल नको, ते चिकट होतं. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पुरतो.

बजेट कमी असेल, किंवा आताच एवढे पैसे घालायचे नसतील, तरी अडत नाही. तुळशीबागेत किंवा बोहरी आळीत फळं सोलायचा छोटा स्टेनलेस चाकू आणि एक बोथट टोकाची छोटी कात्री, दोन्ही मिळून फार खर्च येत नाही. चाकूला जाड पुठ्ठ्याचं म्यान करा, टोकाकडे दोन घड्या, वरून चिकटपट्टीचे चार वेढे. दिसायला साधं, पण कामाला चोख. नाव मोठं नसलेला पण धारदार चाकू खिशात असणं, हे नामांकित चाकू पुढे गेलेल्या सॅकमध्ये असण्यापेक्षा हजार पटीने बरं.

धारदार म्हणालो, तर त्याचं बघू. बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो घसरतो, आणि घसरला की हात कापतो. दारावर चाक घेऊन येणाऱ्या धारवाल्याकडे विळी, अडकित्ता, मोठी सुरी खुशाल द्या, पण हे छोटं पातळ पातं देऊ नका. कोरड्या चाकावर ते क्षणात तापतं, धारेकडे निळसर झाक आली की पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, उतरलं. मग कितीही पाजवा, धार टिकत नाही. घरी एक बारीक दाण्याचा धार लावायचा दगड असू द्या. पातं दगडावर आडवं ठेवा आणि पाठ किंचित उचला. बारा मिलिमीटर रुंदीच्या पात्याला पाठ साधारण चार मिलिमीटर वर असली की वीस अंशांचा कोन होतो. हा कोन न बदलता, धारेने दगडाचा पातळ पापुद्रा काढतोय अशा बेताने पुढे ढकला. एका बाजूने पाच-सहा, मग दुसऱ्या बाजूने तेवढेच, शेवटी आलटून पालटून. दगड नसेल तर चिनी मातीचा कप पालथा घाला. त्याच्या बुडाशी जी खरखरीत, बिनचकाकीची कडा असते तीवर काम भागतं. तपासायला बोट लावू नका. वर्तमानपत्राचा कागद हातात लोंबता धरून कापा. फाटला तर अजून धार हवी, सरळ कापला तर झाली.

तुमच्या त्या दिवसाच्या प्रसंगाला आणखी एक उत्तर आहे, जे चाकू नसतानाही चालतं. नायलॉनची बारीक दोरी दगडावर घासायची गरज नसते, ती दोरीनेच तुटते. जिथे तोडायची ती जागा एकाने दोन्ही हातांत ताणून धरायची. त्याच दोरीचं मोकळं टोक तिथून आडवं टाकून दुसऱ्याने दोन्ही बाजूंनी धरायचं आणि करवतीसारखं भराभर पुढे-मागे ओढायचं. सरकणाऱ्या दोरीची उष्णता तिच्या लांबीवर वाटली जाते, पण ताणलेल्या दोरीवर एकाच जागी साठते. नायलॉन तिथे वितळतं आणि मिनिटभरात दोरी तुटते. सुती दोरीला हे चालत नाही. घरी गॅलरीत एकदा करून बघा.

आणि तो बूट. बरेच दिवस न वापरता कपाटात पडलेल्या बुटाच्या तळातलं पॉलियुरेथेन हवेतल्या दमटपणाने आतून कुजतं. वरून बूट नवा दिसतो आणि चालायला लागलं की तळ सोलून निघतो. पुण्यातल्या दोन-तीन पावसाळ्यांनंतर हे सर्रास होतं. निघण्याच्या आठवडाभर आधी बूट घालून पर्वती चढून-उतरून या, सुटायचा तळ तिथेच सुटेल.

चाकू आणि दोर यांच्याबद्दल एक कडक सूचना. ज्या दोरावर माणसाचं वजन आहे त्याच्या आसपास उघडं पातं आणायचं नाही. सैल दोर कापायला कष्ट पडतात, पण ताणलेला दोर धार नुसती टेकली तरी उकलत जातो. कातळटप्प्यावर स्लिंगमध्ये, म्हणजे आधाराच्या पट्ट्यात, केस किंवा कपडा अडकला तरी आधी त्या माणसाचं वजन दुसऱ्या आधारावर घ्यायचं, मग कात्री. इथेही कात्रीच, कारण तिची धार फक्त दोन पात्यांच्या मधे असते.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. त्यांची काळजी रास्त आहे, तिला हसून बाजूला सारू नका. शस्त्र नियम 2016 नुसार नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्या, कुकऱ्या वगैरे शस्त्रांच्या यादीत येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तुमचे दोन्ही चाकू या मापाच्या खूपच आत आहेत, कुकरी मात्र बहुधा बाहेर जाईल. पण माप लहान आहे म्हणून शहरात कुठेही बाळगावा असं नाही. सणवार, निवडणुका, मोर्चे अशा काळात महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतात. त्यात सुऱ्या-काठ्यांपासून इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू सार्वजनिक जागी जवळ बाळगायला बंदी येऊ शकते. वर्तमानपत्रात ते आदेश छापून येतात, ट्रेकच्या आदल्या दिवशी नजर टाका.

म्हणून रीत अशी ठेवा. घरापासून पायथ्याच्या गावापर्यंत दोन्ही चाकू सॅकमध्ये तळाशी, भांडी आणि शिध्याच्या पिशवीत, म्यानात किंवा मिटलेले. अंगावर नाही, सॅकच्या बाहेर लटकवून तर मुळीच नाही. राजगडाच्या पायथ्याशी गुंजवण्यात उतरलात, चहा झाला, बुटाचे बंद आवळलेत, की छोटा खिशात. परतीच्या गाडीत बसण्यापूर्वी पुन्हा तळाशी. कुणी सॅक उघडलीच तर तवा, कांदे, तांदूळ आणि त्यांच्यामध्ये चाकू दिसेल, आणि तुमचं सरळ उत्तर त्याच्याशी जुळेल. मेट्रोने स्टेशन गाठायचा बेत असेल तर चाकू जवळ असताना तो सोडून द्या, सुरक्षा तपासणीत अडवू शकतात. खटक्याने उघडणारे चाकू घेऊच नका. ते लाकूड कापायला बनलेले नसतात हे बघणाऱ्यालाही ठाऊक असतं.

भीमाशंकरचं वेगळं आहे, आणि हे बऱ्याच जुन्या ट्रेकर्सनाही माहीत नसतं. ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत चाकूचा उल्लेख आहे. मापाची अट तिथे नाही. हा कायदा शिकाऱ्यांसाठी केला आहे हे खरं, कांदा कापणाऱ्यासाठी नव्हे. पण शेकरूच्या जंगलात आपण पाहुणे आहोत, तेव्हा घरमालकाला विचारूनच आत जावं. निघण्यापूर्वी वनविभागाच्या कार्यालयात विचारा, नाक्यावर स्वतःहून सांगा. नको म्हणाले तर वाद न घालता दोन्ही चाकू घरी ठेवा किंवा गाडीत. खांडस गावाहून गणेश घाटाच्या वाटेने जाणार असाल तर जेवणाची सोय तशी करा: भाकरी, चटणी, ठेचा, घरून चिरून डब्यात भरलेली काकडी. प्रथमोपचाराच्या डब्यात बोथट टोकाची कात्री असू द्या, तिच्याबद्दलही विचारून घ्या. ताम्हिणी आणि कळसूबाई-हरिश्चंद्रगड ही दोन्हीही अभयारण्यंच, तिथेही हेच लागू.

हिमालयाचं सोपं आहे. विमानात चाकू केबिन बॅगेत चालत नाही, चेक-इनच्या सामानात चालतो. जाताना सगळ्यांच्या लक्षात राहतं. घोटाळा परतीला होतो, कारण तोवर तो खिशात राहायची सवय झालेली असते. आणि क्लासिकसारखा छोटा चाकू किल्ल्यांच्या जुडग्यात असेल तर तो हमखास विसरला जातो आणि तपासणीच्या टेबलावरच राहतो. सामान सोपवण्याआधी जॅकेटसकट सगळे खिसे चाचपा.

गटातल्या प्रत्येकाने चाकू घ्यावा का, असं कुणी विचारलं तर गरज नाही. सहा जणांत दोन पाती पुरतात. फक्त ती दोन माणसं एकत्र चालणारी नकोत: एक पुढे, एक मागे. मागचं पातं तुम्ही ठेवा, कारण पत्रावरून वाटतं की मागे राहिलेल्याबरोबर थांबणाऱ्या तुम्हीच आहात. आणि पायथ्याशी निघताना पाणी, टॉर्च, औषधं कुणाकडे आहेत हे सांगता तेव्हा चाकू कुणाच्या कुठल्या खिशात आहे तेही मोठ्याने सांगा, म्हणजे तुम्ही स्वतः पडलात तरी दुसऱ्याला तो शोधत बसावं लागणार नाही.